घोड्याची शेपटी आणि पाच नावे

जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी सात वाजता मी हातातले काम बाजूला ठेवून मोबाइल घेऊन बसतो, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक झाले आहे. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात आणि ऑस्करची नामांकने वाचली जात असतात. अभिनेत्री, दिग्दर्शक, पटकथा वगैरे नावे मी ऐकल्यासारखे करतो. जीव अडकलेला असतो तो व्हीएफएक्सच्या, म्हणजे दृश्यपरिणामांच्या, पाच नावांत. टेबलावर एक चिठ्ठी उलटी ठेवलेली असते. तिच्यावर डिसेंबरातच पाच चित्रपट लिहून, खाली तारीख घालून मी सही केलेली असते. सही अशासाठी की मागाहून ‘मला वाटलेच होते’ असे म्हणण्याची सोय राहू नये.

या खेळाची सुरुवात मालाडला झाली. खाडीकडच्या बाजूला एका काचेच्या इमारतीत आमचा स्टुडिओ होता, पाळी दुपारी दोन ते रात्री अकरा, आणि माझे काम रोटोचे. परदेशी चित्रपटांचे चित्रित झालेले तुकडे, ज्यांना आम्ही प्लेट म्हणतो, आमच्याकडे येत असत आणि त्यांतला माणूस, जनावर किंवा वस्तू कडेकडेने कोरून वेगळी काढून द्यायची, म्हणजे पुढच्या विभागाला तिच्यामागे दुसरे आकाश, दुसरा डोंगर किंवा दहा हजारांचे सैन्य बसवता येते, असे त्या कामाचे स्वरूप. सेकंदाला चोवीस फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये कड पुन्हा तपासायची. माझ्या वाट्याला आलेल्या एका शॉटमध्ये एक घोडा धुळीतून उजवीकडून डावीकडे जात होता. साडेपाच सेकंदांचा शॉट, म्हणजे १३२ फ्रेम. घोड्याचे अंग दोन दिवसांत आटोपले. शेपटीला अकरा दिवस लागले. धुळीचा आणि केसांचा रंग जवळजवळ एकच, त्यातून झुपका दर फ्रेमला वेगळा फुटलेला, आणि वेगामुळे केस जिथे पुसट होतात तिथे शेपटी संपून धूळ नेमकी कुठे सुरू होते हे कोणत्याही सॉफ्टवेअरला सांगता येत नव्हते. ‘शेपटीची कड थरथरते आहे’ असा शेरा घेऊन तो शॉट तीनदा परत आला आणि चौथ्यांदा मंजूर झाला. पुढे चित्रपट लागल्यावर मी अंधेरीच्या चित्रपटगृहात पहिल्या दिवशीच जाऊन बसलो. शॉट आला. नेमका त्याच क्षणी घोड्याच्या मागच्या बाजूला धुराचा एक मोठा लोट उठवलेला होता, आणि शेपटी काही दिसली नाही.

तर अशा माणसांच्या त्या विभागात दर डिसेंबरला बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा फिरायचा. शंभर रुपये आणि पाच नावांची चिठ्ठी आत टाकायची. ज्याची नावे सर्वांत जास्त जुळतील त्याचा डबा. हा डबा सांभाळायच्या त्या आमच्या प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर. कोणता शॉट कोणाकडे आहे, कधी जायचा आहे, कितव्यांदा परत आला आहे, या सगळ्याचा हिशेब त्यांच्याकडे असे आणि वयाने मोठ्या म्हणून सगळा मजला त्यांना ताई म्हणत असे. ताईंना चित्रपटांची फारशी आवड नव्हती. मारामारीचे चित्रपट पाहून त्यांचे डोके दुखते असे त्या म्हणत. तरीही मी तिथे होतो त्या काळात तो डबा बहुतेक वेळा त्यांच्याच घरी गेला, आणि त्यातून आणलेला खरवस आम्ही निमूटपणे खाल्ला.

माझी सर्वांत मोठी फजिती २०१६ सालची. आधीच्या वर्षीच्या चित्रपटांतून दहांची यादी जाहीर झाली होती आणि तिच्यातून पाच निवडायचे होते. मी ‘स्टार वॉर्स: द फोर्स अवेकन्स’, ‘ज्युरासिक वर्ल्ड’, ‘अ‍ॅव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन’, ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ आणि ‘द मार्शियन’ लिहिले. त्या काळी माझा हिशेब साधा होता: पडद्यावर जितकी जास्त मोडतोड, तितका नामांकनाचा संभव जास्त. डायनोसॉर आहेत, तिकीटबारीवर त्या वर्षी फक्त ‘स्टार वॉर्स’च त्यांच्या पुढे आहे, मग त्यांना वगळणार कोण? त्यांना वगळले गेले. अ‍ॅव्हेंजर्सनाही वगळले. त्यांच्या जागी आले ‘द रेव्हेनंट’ आणि ‘एक्स माकिना’, आणि फेब्रुवारीअखेर पुरस्कारही ‘एक्स माकिना’नेच नेला. हॉलीवूडच्या मानाने तो अगदीच किरकोळ खर्चाचा चित्रपट, सुमारे दीड कोटी डॉलरचा. एक घर, तीन-चार पात्रे, त्यांतली मुख्य स्त्री यंत्रमानव. त्याच्याबरोबर नामांकन मिळालेल्या चौघांपैकी तिघे तर सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीतही होते.

चिठ्ठ्या वाचल्या गेल्या तेव्हा ताईंच्या चिठ्ठीत ‘एक्स माकिना’ होता. मी जरा तावातावाने विचारले, “ताई, तुम्ही तो पाहिला तरी आहे का?” त्या म्हणाल्या, “नाही रे. पण त्यांनी प्रत्येक शॉट नटीसह घेतला आणि मग तिला बाजूला करून रिकाम्या जागेचाही घेतला, असे मी कुठेसे वाचले. इतकी शिस्त असलेल्या माणसांना आपली माणसे सोडणार नाहीत.”

हे वाक्य कळायला मला बराच काळ लागला. त्यातल्या ‘आपली माणसे’ या शब्दांत नामांकनाची सगळी रीत आलेली आहे. अंतिम पुरस्कारासाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे सगळे सभासद मत देतात, त्यांत नट असतात, संगीतकार असतात, वेशभूषाकार असतात. नामांकने मात्र ज्या त्या कामाच्या शाखेने ठरवायची असतात. व्हीएफएक्सच्या शाखेची कार्यकारी समिती वर्षभरातल्या चित्रपटांतून आधी वीस आणि मग दहा नावे काढते. ही दहांची यादी डिसेंबरात जाहीर होते. मग जानेवारीत त्या दहांच्या चमू एकेक करून शाखेच्या सभासदांपुढे उभ्या राहतात. या बैठकीला तिकडे ‘बेक-ऑफ’ म्हणतात, कारण पाककृतींच्या स्पर्धेसारखे प्रत्येकाने आपापले ताट मांडायचे आणि इतर स्वयंपाक्यांनी चव घ्यायची. बेव्हर्ली हिल्समधल्या सॅम्युएल गोल्डविन चित्रपटगृहात ती अनेक वर्षे झाली आहे. प्रत्येक चमूला थोडक्यात प्रास्ताविक करायचे, चित्रपटातल्या कामाचे दहा मिनिटांचे तुकडे दाखवायचे आणि प्रश्नांना उत्तरे द्यायची एवढाच वेळ. प्रश्न विचारणारेही हेच काम आयुष्यभर केलेले असतात. त्यांना स्फोट पाहून दचकायला होत नाही. त्यांना दचकायला होते ते ‘हे यांनी कसे केले असेल?’ हा प्रश्न पडला की.

‘एक्स माकिना’त तो प्रश्न जागोजागी पडतो. त्या यंत्रमानव स्त्रीचा चेहरा, हात आणि पावले माणसाची आहेत. दंड, पोट आणि मान पारदर्शक, आत यंत्रे फिरताना दिसतात, आणि त्या पारदर्शक पोटातून मागची भिंत, मागचा दिवा दिसतो. हिरवा पडदा लावलेला नव्हता. नटी जाळीदार करड्या पोशाखात अभिनय करत होती आणि नंतर त्याच चौकटीत कॅमेरा तिच्याशिवाय पुन्हा फिरवला जात होता. या दुसऱ्या फेरीला आम्ही क्लीन प्लेट म्हणतो. पोट कापून काढायचे तर त्यामागे जे होते ते कुठून तरी आणावे लागते. क्लीन प्लेट असली तर ते आयते मिळते, नसली तर आमच्यासारख्या कोणाला तरी भिंतीचा एकेक इंच हाताने रंगवून काढावा लागतो. जगभरच्या सेटवर ही फेरी घाईघाईत गाळली जाते. शंभर माणसे खोळंबलेली असतात, सूर्य मावळत असतो, आणि व्हीएफएक्सवाला हळूच म्हणत असतो की अजून एकदा रिकामी चौकट घेऊ या. त्याचे ऐकले जाते की नाही, यावरून त्या चित्रपटात त्याची पत काय होती ते कळते.

ताईंची भविष्य सांगण्याची पद्धत याच पत-प्रतिष्ठेवर बेतलेली होती. त्यांच्या तक्त्यात प्रत्येक शॉटपुढे रकाने होते: लेन्स कोणती, कॅमेऱ्याची उंची किती, क्लीन प्लेट आली का, गोळे आले का. गोळे म्हणजे सेटवर शॉट संपल्यावर कॅमेऱ्यापुढे धरून दाखवतात ते दोन चेंडू, एक आरशासारखा चकचकीत आणि एक करडा. त्यांच्यावर पडलेल्या उजेडावरून नंतर संगणकात तसाच उजेड पाडता येतो. ते चेंडू धरायला बहुधा चमूतला सर्वांत कनिष्ठ मुलगा पाठवलेला असतो. “त्या पोराकडे बघत जा,” ताई मला म्हणायच्या. “तो उन्हात शांत उभा असेल, गोळा नीट फिरवून दाखवत असेल, तर समज की त्याच्या साहेबाला तिथे मान आहे. आणि मागून कोणीतरी ओरडते आहे म्हणून तो धावत येऊन दोन सेकंदांत धावत परत जात असेल, तर तो चित्रपट नंतर आपल्याला रात्री जागवणार.” मी त्यानंतर खरोखरच तो मुलगा पाहू लागलो. ज्या चित्रपटांच्या प्लेटा नीटनेटक्या येत, त्यांपैकी काही पुढे त्या दहांच्या यादीत दिसले. ज्यांच्या येत नसत ते यादीत दिसल्याचे मला आठवत नाही, जरी त्यांत पडद्यावर नगरेच्या नगरे कोसळत होती.

यामुळे अंदाज बांधण्याची माझी रीतच बदलली. चित्रपट पाहताना किती दिसले, यापेक्षा ते किती आधीपासून योजले होते, याच्या बातम्या मी शोधू लागलो. व्हीएफएक्स पर्यवेक्षक पटकथेच्या वेळेपासून बरोबर होता का? सेटवर खरे काय बांधले होते? ‘इंटरस्टेलर’च्या कृष्णविवरासाठी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी समीकरणे दिली आणि त्यांवरून चित्र काढणारे सॉफ्टवेअर लिहिले गेले, त्या कामावर पुढे शास्त्रीय नियतकालिकात शोधनिबंधही आला. असे काम समोर ठेवल्यावर त्या खोलीतला कोणता माणूस हात आखडता घेईल? ‘गॉडझिला मायनस वन’चे उदाहरण तर ताईंच्या सिद्धान्ताची जणू परिसीमा. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी हेच व्हीएफएक्सचे पर्यवेक्षक होते, ३५ कलावंत आणि ६१० शॉट. मधे निरोप पोचवणारे कोणी नाही, ‘साहेबांना विचारून सांगतो’ नाही. व्हीएफएक्सचा ऑस्कर घेणारे ते ‘२००१: अ स्पेस ओडिसी’च्या स्टॅन्ली कुब्रिकनंतरचे दुसरे दिग्दर्शक ठरले. ती चमू गॉडझिलाच्या बाहुल्या हातात घेऊन मंचावर आली तेव्हा मी घरात एकटाच टाळ्या वाजवत होतो.

पण ही रीत हाती आली म्हणून सगळे सोपे झाले असे नाही, कारण दुसऱ्या बाजूला एक विचित्र लपंडाव चालू असतो. गेल्या दहा-बारा वर्षांत हॉलीवूडच्या जाहिरातदारांना असा शोध लागला आहे की ‘आम्ही सगळे खरेखुरे केले’ म्हटले की प्रेक्षक खूश होतात. ‘टॉप गन: मॅव्हरिक’चा गाजावाजा विमाने खरी असल्याचा झाला, आणि खरी विमाने उडवलेली होतीही, पण त्या चित्रपटात सुमारे २,४०० व्हीएफएक्स शॉट होते. त्यांच्या पर्यवेक्षकांना बेक-ऑफला जाऊन नेमके उलटे पटवून द्यावे लागले असणार. नामांकन मिळाले. याच्या अगदी विरुद्ध दशा ‘ओपनहायमर’ची. संगणकावर निर्माण केलेली चित्रे वापरलेली नाहीत, हे दिग्दर्शकाने इतक्या वेळा सांगितले की तेरा नामांकने मिळवणारा तो चित्रपट व्हीएफएक्सच्या दहांतसुद्धा आला नाही. मला त्याचे वाईट वाटले. ट्रिनिटीचा, म्हणजे पहिल्या अणुचाचणीचा, स्फोट छोट्या प्रमाणावर खरोखर घडवून, अनेक थर एकावर एक बसवून तयार करणे हेही दृश्यपरिणामांचेच काम आहे आणि फार जुन्या परंपरेतले आहे. पण आपण काही केलेच नाही असे वर्षभर सांगत राहिल्यावर आपल्या बिरादरीने तरी किती समजून घ्यायचे?

जुन्या परंपरेचा विषय निघालाच आहे म्हणून एक गंमत सांगतो. हा पुरस्कार ‘स्पेशल इफेक्ट्स’ या नावाने नियमितपणे सुरू झाला तो १९३९च्या चित्रपटांपासून, आणि त्या वर्षी स्पर्धेत ‘गॉन विथ द विंड’ आणि ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ होते. जिंकला मात्र ‘द रेन्स केम’. त्यातला देखावा कोणता, तर रांचीपूर नावाच्या एका काल्पनिक हिंदी संस्थानातला भूकंप आणि पावसाळी महापूर. म्हणजे या विभागातला पहिला मान आपल्या पावसाने, पण हॉलीवूडच्या हौदात तयार केलेल्या पावसाने, मिळवलेला आहे.

नामांकने पाच असण्याची प्रथा तशी अलीकडची, २०१० सालच्या चित्रपटांपासूनची. त्याआधीच्या दोन-तीन दशकांत बहुतेक वर्षी तीनच असत आणि अंदाज करणाऱ्याला चुकायला जागा कमी असे. पाच झाल्यापासून माझ्या मते चार जागा विचार करून सांगता येतात आणि पाचवी नेहमी चकवते. याचे एक कारण मत मोजण्याच्या पद्धतीत असावे असा माझा कयास आहे. गेल्या दशकातल्या नियमांत या शाखेसाठी एक निराळी पद्धत होती: मतदाराने दहाही चित्रपटांना गुण द्यायचे, सर्वांत जास्त गुणांचा चित्रपट आधी निवडायचा, आणि मग ज्यांनी त्याला भरभरून गुण दिले होते त्यांच्या उरलेल्या गुणांचे वजन कमी करून पुढचा निवडायचा. आपल्याकडे पंगतीत ज्याच्या पानात एकदा जिलेबी पडली त्याने पुढच्या फेरीला जरा थांबावे, तसे. याचा परिणाम असा की ज्यांच्या आवडीचे अजून काहीच निवडले गेलेले नाही, त्यांचा आवाज शेवटी शेवटी मोठा होत जातो. बाहुल्या हाताने हलवून एकेक फ्रेम टिपलेला ‘कुबो अँड द टू स्ट्रिंग्ज’ २०१७ साली पाचांत आला, तेव्हा ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’नंतर या विभागात आलेला तो दुसराच अ‍ॅनिमेशनपट होता. २०२५ साली ‘बेटर मॅन’ आला. त्यात एका प्रसिद्ध गायकाची भूमिका आरंभापासून शेवटपर्यंत संगणकातले माकड करते. असे चित्रपट सगळ्यांचे दुसरे-तिसरे आवडते नसतात. थोड्या लोकांचे पहिले आवडते असतात. त्यामुळे आता मी चिठ्ठीवर पाचवे नाव लिहिताना दहांतल्या सर्वांत चमत्कारिक चित्रपटाकडे वळतो. हे दरवेळी जमते असे नाही.

माकडावरून आठवले. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’च्या २०११पासूनच्या चारही चित्रपटांना नामांकन मिळाले आणि चारही वेळा पुरस्कार दुसऱ्याला गेला. मार्व्हलच्या स्वतःच्या स्टुडिओतल्या चित्रपटांचेही तेच. नामांकने रग्गड, पुरस्कार एकही नाही. कारागिरांना ते काम किती अवघड आहे ते दिसते, म्हणून ते पाचांत घेतात. बाकीच्या सभासदांना ते दरवर्षीचेच वाटते. म्हणून नामांकनाचा अंदाज आणि विजेत्याचा अंदाज हे दोन वेगळे छंद आहेत, आणि मला दुसऱ्यात रस नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला टोचत राहते. एका चित्रपटासाठी नामांकनात जास्तीत जास्त चार माणसांची नावे जाऊ शकतात. चित्रपटाच्या शेवटी सरकणाऱ्या यादीत व्हीएफएक्सची शेकडो, कधी हजारांवर नावे असतात. रोटो आणि पेंटची नावे सर्वांत खाली, अक्षरे सर्वांत बारीक, आणि त्यांत मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नईतल्या पोरांचा भरणा. प्रेक्षक तोवर पार्किंगमध्ये पोचलेले असतात. तरीही मी कामाला लागलो त्या हिवाळ्यातला एक प्रसंग मला चार नावांच्या या नियमाकडे निराळ्या नजरेने पाहायला लावतो. फेब्रुवारी २०१३मध्ये ‘लाइफ ऑफ पाय’ला पुरस्कार मिळाला. त्यातला वाघ ज्यांनी घडवला त्या ‘रिदम अँड ह्यूज’ने समारंभाच्या दोनच आठवडे आधी दिवाळखोरीचा अर्ज केला होता. मुंबई आणि हैदराबादमध्ये त्यांची कार्यालये होती आणि आमच्यापैकी कित्येकांचे मित्र तिथे कामाला होते. सभागृहाबाहेर रस्त्यावर कलावंत निदर्शने करत होते. मंचावर पर्यवेक्षक बिल वेस्टनहॉफर यांनी आपल्या कंपनीच्या संकटाचा विषय काढला आणि तेवढ्यात ‘जॉज’ या शार्कवरच्या चित्रपटाचे संगीत मोठे करून त्यांचा आवाज बंद करण्यात आला. वेळ संपलेल्यांना त्या रात्री त्याच संगीताने हाकलत होते हे खरे. पण पोटासाठी बोलणाऱ्या माणसावर शार्क सोडावा याला काय म्हणावे? (त्या शार्कला स्वतःला व्हीएफएक्सचे नामांकन मिळालेले नव्हते, हा आणखी एक योगायोग.) आम्ही ते दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये एका मोबाइलभोवती गोळा होऊन पाहिले. ताईंनी तो व्हिडिओ संपल्यावर काही न बोलता आपला तक्ता उघडला आणि कोणाचे किती शॉट बाकी आहेत ते वाचायला सुरुवात केली.

त्या चारांत कोण असते याकडेही मी हल्ली लक्ष देतो. चारांपैकी एक नाव पुष्कळदा सेटवरच्या प्रत्यक्ष परिणामांच्या पर्यवेक्षकाचे असते, म्हणजे खरी स्फोटके, खरा पाऊस, हलणारे मंच आणि पडणाऱ्या भिंती ज्याच्या हातात असतात त्याचे. असे नाव भारदस्त असले की मी त्या चित्रपटापुढे बारीक टिंब देतो. २०२४ साली हे टिंब मला फार उपयोगी पडायला हवे होते, कारण नील कॉर्बोल्ड या एकाच गृहस्थांना त्या वर्षी पाचांपैकी तीन चित्रपटांसाठी नामांकन मिळाले: ‘द क्रिएटर’, ‘मिशन इम्पॉसिबल’चा सातवा भाग आणि ‘नेपोलियन’.

मी त्या वर्षी चिठ्ठीवर पहिली दोन नावे लिहिली होती, शिवाय ‘गॉडझिला मायनस वन’ आणि ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’चा तिसरा भाग. पाचवे नाव ‘पुअर थिंग्ज’. दहांतला सर्वांत चमत्कारिक चित्रपट तोच, असे मी स्वतःला पटवले होते. रंगवलेली आकाशे, खोटी समुद्रसफर, अर्धी कोंबडी आणि अर्धा कुत्रा असे प्राणी. ‘नेपोलियन’चे नाव मी आधी लिहून खोडले होते. रिडली स्कॉट यांच्या त्या चित्रपटावर इतिहासाच्या जाणकारांनी केलेली टीका वाचून माझे मन आधीच कलुषित झाले होते, आणि पडद्यावर तर मला फक्त सैन्य, धूर आणि चिखल दिसला होता.

२३ जानेवारीच्या संध्याकाळी चार नावे जुळली आणि पाचवे ‘नेपोलियन’ निघाले. मालाडचा तो मजला सोडून मला बरीच वर्षे झाली आहेत, मी आता कॉम्पोझिटिंग, म्हणजे वेगवेगळे तुकडे एका चित्रात जुळवण्याचे काम, करतो आणि तेही घरून. ताईही निवृत्त होऊन चिपळूणला राहतात. डबा राहिलेला नाही, पण डिसेंबरात आम्ही एकमेकांना याद्या पाठवतो. त्यांच्या यादीत ‘नेपोलियन’ होता. मी फोन केला आणि त्यांना विचारले की या वेळी तरी चित्रपट पाहिला होता का.

“सुरुवातीचा पाहिला, तूलाँच्या लढाईपर्यंत,” त्या म्हणाल्या. “तो तोफेचा गोळा घोड्याच्या छातीत लागतो ना, तिथे बंद केला. बघवले नाही. म्हटले, इतके खरे वाटते आहे म्हणजे लिहून टाकावे.”

मी म्हणालो की मला तो प्रसंग आठवतो, पण मी त्याला महत्त्व दिले नाही.

“अरे, तू?” ताई म्हणाल्या. “अकरा दिवस शेपटी कापत बसला होतास की माझ्यासमोर. आणि घोडाच विसरलास?”